कुंपणाचे ३७,००० रुपये आणि वीतभर खड्डे

सदतीस हजार रुपये गेले. शेजारच्या वहिनींनाही हा आकडा मी सांगितलेला नाही. इथे लिहिते, कारण आमचं कुंपण घालणारा तोच ठेकेदार आमच्या भागात अजून कामं धरतोय असं कानावर आलंय.

आम्ही वडोदऱ्यात कारेलीबागेत राहतो. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मागचं तारेचं कुंपण लोळलं. नदीत मगरी आहेत, पुरात त्या थेट वस्तीत येतात, आणि आमच्या अंगणात नातवंडं खेळतात. पुढच्या पावसाळ्याआधी कुंपण हवंच होतं. लोभापायी फसलो असं कुणी म्हणू नये, सगळ्यांत स्वस्त भाव याचा नव्हताच.

१४० फूट, ३१० रुपये रनिंग फूट, म्हणजे ४३,४००. पाच फूट उंच दहा गेजची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी, लोखंडी अँगल, दीड फूट खड्ड्यात काँक्रीट. आधी २५,००० दिले, दुसऱ्या दिवशी 'सिमेंट आणायचंय' म्हणून १२,०००. दोन्ही वेळा पैसे भलत्याच बाईच्या नावावर यूपीआयने गेले. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा. जुने अठरा अँगलही त्याने टेम्पोत भरून नेले, 'बिलातून वजा करतो' म्हणून. बिल कधी आलंच नाही.

आणि तो क्षण. मी चहाचा ट्रे घेऊन मागे गेले. पोऱ्या खड्ड्यात विटांचे तुकडे कोंबत होता आणि वरून थापीने माल सारवत होता. वाकून पाहिलं तर खड्डा जेमतेम वीतभर. विचारलं, "भाई, दीड फूट ठरलं होतं ना?" तो म्हणाला, "काकी, चिंता ना करो, ए तो पॅकिंग छे." मी चहा दिला आणि आत आले. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, समोर चार गडी आणि मी एकटी. पण मी पाहिलं होतं, आणि गप्प बसले. रात्री डोळ्यांपुढे अजून ते विटांचे तुकडेच येतात.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात सहा अँगल आडवे. जावयाने तार मोजली तर दोन मिलिमीटर, म्हणजे चौदा गेज. दहा गेज सव्वातीन मिलिमीटरची असते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नमुना म्हणून दिलेला जाळीचा तुकडा त्याने जाताना परत मागून घेतला होता. तुम्ही तो देऊ नका.

फोन बंद. कार्डावरच्या पत्त्यावर कुलूपबंद शेड. पोलीस चौकीत तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा 'साहेब राउंडला गेलेत', दुसऱ्यांदा 'लेखी आणा', तिसऱ्यांदा लेखी नेलं तर 'जाळी लावली ना त्याने? मग फसवणूक कशी? हे दिवाणी प्रकरण आहे'. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं का? एकाने तर हसून विचारलं, "काकी, पक्कं बिल का नाही घेतलं?" वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझ्यावर हसतात! अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी त्याचं दुकान स्वतः जाऊन पाहा. खड्डे उघडे असताना काठी घालून मोजा, फोटो काढा, मगच काँक्रीट पडू द्या.

सोमवारी चौथ्यांदा चौकीत जाणार आहे. पिशवीत त्या तारेचा तुकडा आणि उपटलेला एक अँगल घेतलाय, खाली विटांचे तुकडे चिकटलेले आहेत तसाच.