लिपस्टिकमधले बबल्स: मिश्रण जास्त गरम ओतायचं की साचा कोमट करायचा?

लिपस्टिक साच्यातून काढली की अंगावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात, ती अडकलेली हवा असते. यावर दोन उपाय सांगतात आणि मी दोन्ही करून बघितलेत.

पहिला, मेण, एरंडेल तेल आणि रंगाचं वितळलेलं मिश्रण जास्त गरम करून ओता. हे थोडं बरोबरच आहे कारण एरंडेल तेल जाडसर असतं, गरम झालं की पातळ होतं आणि बबल्स पटकन वर येतात. पण साचा गार असेल तर उपयोग शून्य, धातूला टेकल्या टेकल्या मेणाचा बाहेरचा थर गोठतो आणि हवा तिथेच अडकते, वर जास्त गरम ओतलं की थंड होताना आकसतं पण जास्त, मग बुडाकडे खड्डा पडतो, रंग खाली बसतो, सुगंध उडतो ते वेगळंच.

दुसरा, साचा 40 डिग्रीच्या आसपास कोमट करून घ्यायचा. मला हाच पटतो. थर हळू गोठतो, हवेला निघायला वेळ मिळतो आणि कांडीला चकाकी पण छान येते. फक्त साचा फार तापवू नका, थंड व्हायला उशीर लागतो आणि कांडी चिकटून बसते.

मिश्रण मात्र दोन्हीकडे सावकाशच ढवळा, ब्लेंडरने रंग घोटला असेल तर मेण वितळलेलं ठेवून 10-15 मिनिटं नुसतं राहू द्या, आणि ओतताना साचा किंचित तिरका धरून कडेने बारीक धार सोडा, मधोमध भसकन ओतलंत की हवा आत गेलीच.