जनरेटर घराला जोडून घ्यायचाय? न्यूट्रलचं आधी बघणारा इलेक्ट्रिशियन गाठा

आमचं घर न्यू जर्सीत. ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात इथली वीज गेली ती आमच्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. बेसमेंटमधलं पाणी उपसणारा सम्प पंप, फ्रिज आणि घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा ब्लोअर एवढं तरी चालावं म्हणून 240 व्होल्टचा पोर्टेबल जनरेटर घेतला आणि तो घराच्या वीज पॅनेलला जोडायला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याच्या कामाबद्दल हे लिहितेय.

आधी एकजण येऊन फक्त वॅट विचारून कोटेशन देऊन गेला होता. ह्याने आल्या आल्या मल्टीमीटर काढला, बंद जनरेटरच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये एक टोक न्यूट्रलला (करंट परत नेणारी तार), दुसरं ग्राउंडला (अर्थिंग) लावलं. बीप वाजला. म्हणजे न्यूट्रल जनरेटरच्या फ्रेमला आतूनच बांधलेला, ह्यालाच बॉण्ड म्हणतात.

ह्यात मेख अशी. घराच्या मेन पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड आधीच एकत्र असतात. आम्हाला इंटरलॉक (मेन आणि जनरेटरचा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणारी पट्टी) बसवायचा होता, तो फक्त दोन हॉट (वीज आणणाऱ्या) तारा बदलतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. अमेरिकन वायरिंग कोडप्रमाणे (एनईसी) असा जनरेटर 'सेपरेटली डिराइव्हड', म्हणजे वेगळा स्वतंत्र वीजस्रोत, धरत नाहीत, म्हणून त्याच्याकडचा बॉण्ड काढावा लागतो. नाही काढला तर परतीचा करंट न्यूट्रल आणि ग्राउंड दोन्हींतून वाटला जातो, आणि 5 मिलिअँपच्या आसपास फरक दिसला की जनरेटरचा जीएफसीआय (करंट गळतोय असं दिसलं की वीज तोडणारं संरक्षण) पडतो. ऐन वादळात, पावसात, अंधारात. मग लोक केबलची ग्राउंडची पिनच कापतात. कृपा करून असलं काही करू नका, जीव जाईल.

दुसरा मार्ग न्यूट्रलही बदलणाऱ्या ट्रान्सफर स्विचचा (घर बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर नेणारा स्विच). मग जनरेटर सेपरेटली डिराइव्हड होतो, बॉण्ड तसाच ठेवायचा आणि ग्राउंडिंग एनईसीच्या कलम 250.30 प्रमाणे. खर्च बराच वाढतो. आमच्यासारख्या घराला इंटरलॉक पुरतो, असं त्याने सरळ सांगितलं. महागडं काम गळ्यात मारलं नाही, हे मला फार आवडलं.

मॅन्युअल उघडून, त्यात दाखवलेली बॉण्डची जंपर वायर काढली, टोक नीट झाकलं आणि जनरेटरला टॅग लावला: 'न्यूट्रल फ्लोटिंग', म्हणजे न्यूट्रल फ्रेमला बांधलेला नाही. हाच जनरेटर उद्या अंगणात ड्रिल-करवतीसाठी सुटा वापरायचा असेल तर जंपर परत लावायची, हेही बजावून सांगितलं, कारण बॉण्ड नसला तर जीएफसीआयचं संरक्षण भरवशाचं राहत नाही. बाहेर जनरेटरची केबल लावायच्या 30 अँपच्या इनलेट बॉक्सशेजारी फक्त फ्लोटिंग न्यूट्रलचाच जनरेटर जोडा, अशी पाटी चिकटवली. कलम 702.7 ती मागतं. मी शेजारपाजारच्या इनलेटवर शोधली, एकावरही दिसली नाही.

दर थोडा चढा आहे आणि परमिटमुळे काम रेंगाळलं. तरी पाच तारे. नंतर वीज गेली तेव्हा पंप, फ्रिज, ब्लोअर सगळं चाललं, जीएफसीआय एकदाही पडला नाही. तुमच्याकडे कोणी आला आणि न्यूट्रलचं नावही न काढता कोटेशन द्यायला लागला, तर त्याला काम देऊ नका.