डायोरामाची जमीन: रेडीमेड पेपर क्ले की घरचा लगदा?

डायोरामा म्हणजे छोट्या मॉडेलांभोवती उभा केलेला देखावा, आणि त्याची जमीन बनवायला पेपर क्ले (कागदाचा लगदा मिसळलेली माती) लागते. ठाण्यात स्टेशनरीच्या दुकानात ती मागितली तर बरेचदा साधी एअर ड्राय क्ले हातात देतात, त्यामुळे पाकिटावर पेपर पल्प लिहिलंय का ते बघूनच घ्या. ही रेडीमेड क्ले हलकी आणि एकसारखी असते, 1:72 (खऱ्या वस्तूच्या 72 पट लहान) सारख्या छोट्या स्केलला तीच बेस्ट, कारण घरच्या लगद्यातले कागदाचे कण तिथे दगडगोट्यांएवढे दिसतात. पण बेस मोठा असेल तर खर्च वाढतो, आणि फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवावंच लागतं.

घरचा लगदा म्हणजे टिश्यू पेपर भिजवून, घट्ट पिळून त्यात फेविकॉल आणि खडूची पावडर. 1:35 च्या खडबडीत चिखलासाठी मला हाच आवडतो, मनापासून सांगतो. मळतानाच त्यात ब्राऊन अॅक्रिलिक कलर टाकायचा म्हणजे नंतर टवका उडाला तरी खाली पांढरं दिसत नाही. अर्धवट सुकला, म्हणजे बोटाला चिकटत नाही पण दाबला जातो, की त्यावर मॉडेलचं टायर फिरवा, ठसा काय मस्त उठतो!

सुकताना दोन्ही आकसतात, लगदा जरा जास्तच कारण पाणी जास्त, म्हणून पातळ थर द्या, आणि बेसच्या एमडीएफला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीला) आधी वार्निश मारा नाहीतर बेस वाकतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत लगदा लवकर सुकत नाही, बुरशी धरते, लवंगाच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकता येतात, पण जून ते सप्टेंबर मी तरी सरळ रेडीमेडच घेईन.