कॅम्बर किटच्या नावाखाली ३०,०५० रुपयांना गंडा : गाडी लोअर केलेल्यांनी वाचाच

ज्यांनी होंडा सिव्हिक लोअर केली आहे, म्हणजे तिची उंची कमी केली आहे, आणि मागचे टायर आतून खातायत म्हणून जे कॅम्बर आर्म (चाक आत-बाहेर कलण्याचा कोन, म्हणजे कॅम्बर, बदलणारा दांडा) शोधत फिरतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आठव्या पिढीची सिव्हिक आपल्याकडे बंद होऊन बरीच वर्षं झाली, पार्ट सहज मिळत नाहीत, आणि फसवे विक्रेते बरोबर त्याच अडचणीवर टपून बसलेले असतात.

गाडीची गरज खरी होती. लोअरिंग स्प्रिंगा टाकल्यावर मागे डावीकडे उणे २.९ आणि उजवीकडे उणे २.७ अंश कॅम्बर आला, म्हणजे चाकांचा माथा आत कलला. या गाडीला पुढे मॅक्फर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा एकत्र खांब) आहे, तिथे एक्सेंट्रिक (फिरवला की कोन बदलणारा) बोल्ट टाकून थोडंफार भागतं. मागे डबल विशबोन (वर-खाली आर्म असलेलं सस्पेन्शन), आणि कंपनीने तिथे कॅम्बरसाठी ॲडजस्टमेंट दिलेलीच नाही. वरचा आर्म लांब करता आला तरच चाकाचा माथा बाहेर येतो. म्हणून ॲडजस्टेबल अप्पर आर्म. हौस म्हणून नव्हे, टायर वाचवायला.

पार्ट विकणाऱ्याचं इन्स्टाग्रामवरचं पेज भरगच्च होतं, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांनी नावही सुचवलं होतं. मागच्या आर्मची जोडी १८,५०० आणि पुढच्या बोल्टांचा सेट ३,२००, एकूण २१,७००. 'जपानी माल, थायलंडहून येतो.' निम्मे आगाऊ, म्हणजे १०,८५०, लगेच पाठवले. यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं. विचारलं तर म्हणाला, 'दादा, करंट अकाउंटला लिमिट लागलीय, हे भावाचं खातं.' पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माल कस्टममध्ये अडकला, ४,३५० भरा. भरले. कस्टम ड्युटी खरी असेल तर बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टमचा कागद) असते आणि पैसे कुरिअर कंपनीमार्फत जातात, कुणाच्या भावाच्या खात्यात नाही. कागद मागा, कागद नसेल तर एक रुपया देऊ नका.

पण मला जाळतो तो व्हिडिओ. उरलेले १०,८५० देण्याआधी मी त्याच्याकडे आर्म फिरवून दाखवायचा व्हिडिओ मागितला, आणि त्याने पाठवला. त्यात सगळं दिसत होतं! चांगल्या आर्मला मधल्या नळीच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्या टोकाला डावे. नळी फिरवली की दोन्ही टोकं आपापल्या जागी सरळ राहून बाहेर सरकतात, म्हणून गाडीला लावलेल्या अवस्थेत ॲडजस्ट करता येतं. या व्हिडिओत नळी फिरत होती आणि पलीकडच्या टोकाचा बुशही (रबरी जोड) तिच्याबरोबर गरगर फिरत होता. म्हणजे त्या टोकाला आटे नव्हतेच, ते जोडून टाकलेलं होतं. लाल रंगाखाली जोडाच्या जागी एक फुगीर कडाही होती. मी तो व्हिडिओ परत परत पाहिला, आणि विचारलंसुद्धा. उत्तर तयार होतं: 'सिंगल ॲडजस्ट मॉडेल आहे दादा, आपल्या रस्त्यांसाठी एक साइड सील केलीय.' एकाच बाजूला आटे असलेले आर्म बाजारात खरोखर असतात, काढून फिरवून परत बसवायचे. म्हणून पटलं, उरलेले पैसेही पाठवले. माझ्या जागी कुणालाही पटलं असतं, कारण खोटं अर्धं खरं होतं.

पार्सल आलं. फिटरने आर्म बसवले, अलाइनमेंटला डावं चाक उणे १.६ वर आलं. एक चक्कर मारून येईपर्यंत मागून टकटक सुरू. परत अलाइनमेंटच्या रॅकवर घेतली तर आकडा उणे २.२. फिटरने आर्म काढून वायर ब्रशने रंग खरवडला, तेव्हा ग्राइंडर मारलेला वेल्डचा जोड उघडा पडला. जुने आर्म कापून मध्ये पाइप जोडला होता. आटे इतके ढिले की लॉकनट घट्ट करूनही हाताने हलत होते. 'साहेब, हायवेला हा सुटला असता तर चाक वळलं असतं,' तो म्हणाला. माझी बायको आणि मुलगी त्या गाडीत बसतात. फिटिंगचे २,८००, अलाइनमेंटचे १,२००, सगळे मिळून ३०,०५०.

मग तक्रारी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर अर्ज भरला. तिथून काय, तर माल मिळाला आहे म्हणजे हा आर्थिक सायबर गुन्ह्यात बसत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. कुरिअर म्हणतं पाठवणाऱ्याशी बोला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून नोटीस गेली, पत्ताच खोटा. पोलीस ठाण्यात तर कहर. ड्युटीवरच्या साहेबांनी माझे स्क्रीनशॉट उघडलेही नाहीत. 'पार्ट आला ना? मग दिवाणी मामला.' वर मलाच दरडावलं की गाडीत बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बेकायदा आहे, आधी तुमचीच गाडी जमा करतो. कॅम्बर आर्मने आरसीवरचा कुठला तपशील बदलतो? लोकांच्या जिवावर उठलेला माणूस लाल रंग मारून माल विकतोय, त्याचा नंबर चालू आहे, पेज चालू आहे, आणि दम मला! तक्रार घेत नसतील तर नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) खाली वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी पोस्टाने पाठवता येते, हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, एका वकील मित्राने सांगितलं. पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही केस टाकलीय. ती आपण राहतो तिथेच टाकता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. फक्त जीएसटी बिल असतं तर काम सोपं झालं असतं. बिल देत नाही म्हणणाऱ्याकडून नटसुद्धा घेऊ नका.

आणखी एक, जे मला पार्ट घेण्याआधी कुणी सांगायला हवं होतं: लोअर केल्यावर टोही (वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन) बिघडतो, आणि कॅम्बरपेक्षा तोच टायर जास्त वेगाने झिजवतो. सिव्हिकचा मागचा टो कंपनीच्याच बोल्टवर ॲडजस्ट होतो. आधी तो करून घ्या, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंट मागा, मग ठरवा आर्म लागतो की नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सलग.

आणि ज्यांनी असे लाल आर्म आधीच लावलेत, त्यांनी आजच चाक काढून नळीच्या दोन्ही टोकांचा रंग खरवडून बघा. निदान एका टोकाला आटे दिसायला हवेत. कापून जोडल्याचा वेल्ड दिसला तर गाडी चालवत नेऊ नका, फिटरला घरी बोलवा. आर्म फेकूनही देऊ नका, फोटो काढून ठेवा, केसला लागतील.