हप्ता की एकरकमी? ऑस्ट्रेलियातल्या फॅमिली टॅक्स बेनिफिटचं अंदाजपंचे

फॅमिली टॅक्स बेनिफिट म्हणजे मुलं असलेल्या कुटुंबांना उत्पन्न बघून मिळणारी सरकारी मदत. तिचा अर्ज भरताना एका प्रश्नापाशी हात थांबतो. पैसे दर पंधरवड्याला हवेत, की आर्थिक वर्ष संपल्यावर एकदम? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. यातला पार्ट ए दर मुलामागे मिळतो, पार्ट बी मुख्यतः एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घरांना. आमच्याकडे दोघंही कमावतात, त्यामुळे पार्ट बीचा विषय घरात केव्हाच संपला. खालचं सगळं पार्ट एबद्दल.

पंधरवड्याच्या हप्त्याचं सुख वेगळं सांगायला नको. मुलांचे शाळेचे बूट, पोहण्याच्या क्लासची फी, गाडीची रेगो (नोंदणीची फी) हे खर्च जून संपायची वाट पाहत नाहीत. मेलबर्नला आल्यावर पहिली काही वर्षं आम्ही हप्ताच घेतला आणि तेव्हा तो खरोखर उपयोगी पडला.

पण हप्ता हवा तर जुलैतच सांगावं लागतं, की पुढच्या जूनपर्यंत घरात किती उत्पन्न येणार. माझा पगार ठरलेला, मला काय, आकडा लिहिला आणि मोकळा झालो. बायको एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या देखभालीत, कॅज्युअल आहे; बोलावतील तेव्हाच काम. तिला पुढच्या आठवड्यात किती शिफ्ट मिळतील ते सांगता येत नाही, वर्षाचं कुठून सांगणार? आम्ही लिहिलं 82,000 डॉलर. अंदाजपंचे दाहोदरसे.

त्या वर्षी माणसं कमी होती म्हणून तिला शिफ्ट भरपूर मिळाल्या. ख्रिसमस, ईस्टर, अँझॅक डे, सगळे सुट्टीच्या जादा दराचे. वर्षअखेर बेरीज झाली 91,000. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की प्रत्येक वाढीव डॉलरमागे वर्षाच्या रकमेतून 20 सेंट कापतात (2024-25 साली ही मर्यादा 65,189 डॉलर होती). आमचे 9,000 वाढले, म्हणजे 1,800 डॉलर आम्ही जास्तीचे घेऊन बसलो होतो. खर्चूनही टाकले होते. रिटर्न भरल्यावर ते देणं निघालं आणि त्यातला बराचसा भाग टॅक्स रिफंडातूनच वळता झाला. त्या रिफंडावर आम्ही पुण्याची तिकिटं काढायच्या बेतात होतो.

चूक आमचीच, अंदाज आमचा होता. तरी मला पैसे परत जाण्याचं तितकं वाईट वाटलं नाही. डोक्यात गेली ती वेगळीच गोष्ट. हा हिशेब चालतो पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर. ऑगस्टमध्ये घेतलेला हप्ता बरोबर होता की जास्तीचा, हे मे महिन्यातल्या शिफ्टवर ठरतं! पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो आणि अंदाज वेळोवेळी बदलत राहिलो. मग दर वेळी पुढचा हप्ता बदलायचा. शनिवारी रात्री तिला फोन यायचा, ‘उद्या येशील का?’ आणि ती हो म्हणण्याआधी माझ्याकडे बघायची. मी मोबाईलवर गुणाकार करत बसलेलो. या बेनिफिटच्या पैशापायी कामाला जाऊ की नको असा विचार घरात सुरू झाला, तेव्हा मला हप्ता नकोसा झाला.

त्यातून उत्पन्न म्हणजे नुसता पगार नव्हे, इथेही पुष्कळ जण फसतात. सुपरमध्ये (निवृत्तीसाठीच्या फंडात) पगारातून जादा टाकलेले पैसे परत उत्पन्नात धरतात. भाड्याने दिलेल्या घरात तोटा दाखवला असेल तर टॅक्सच्या हिशेबात तो वजा होतो, इथे मात्र तो परत उत्पन्नात धरतात. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं तर येतंच. ‘टॅक्सेबल इन्कम’च्या चौकटीतला आकडा उचलून अंदाज म्हणून टाकलात, तर पहिल्याच पावलाला ठेच.

एकरकमीत अंदाजाची भानगडच नाही. जूनअखेर वर्ष संपतं, दोघांची रिटर्न भरून होतात आणि खऱ्या आकड्यावर हिशेब होतो. आमचे 2024-25 चे पैसे असे एकदम आले, भिशी लागल्यासारखे. बायको आता फोन आला की आपलं अंग किती दुखतंय तेवढंच बघून हो-नाही सांगते.

तोटे आहेतच. वर्षभर हात आखडता ठेवावा लागतो, आणि अर्ज करायला वर्ष संपल्यापासून एकच वर्ष मिळतं. 2024-25 साठी ती तारीख 30 जून 2026. चुकली की त्या वर्षाच्या पैशांवर पाणी.

मधली वाटही आहे: बेस रेट, म्हणजे पार्ट एची कमी, पायाभूत रक्कम, तेवढी पंधरवड्याला घ्यायची, उरलेलं वर्षअखेर. 2024-25 मध्ये उत्पन्न 1,15,997 डॉलर होईपर्यंत बेस रेटला धक्का लागत नव्हता, म्हणजे जास्तीचे पैसे येण्याची भीती जवळजवळ नाही. आम्ही ते केलं नाही, पण एका मित्राने केलंय आणि तो खूश आहे. कुणी अंदाजच मुद्दाम चढा देतात, मग कमी मिळालेलं नंतर मिळतं. तेही चालतं.

तुमचं घर आमच्यासारखंच असेल असं नाही. दोघांचाही पगार ठरलेला असेल तर हप्ता घ्या, खुशाल घ्या. उत्पन्न इतकं कमी असेल की कमाल दर लागू होतो, तर हप्ताच घ्यावा, कारण त्या हप्त्यासोबत हेल्थ केअर कार्ड मिळतं आणि औषधं स्वस्त पडतात. एकरकमीवाल्यांना ते तसं आपोआप मिळत नाही. पण घरात एक जण जरी कॅज्युअल असेल, ऊबर चालवत असेल किंवा बोनसवर भिस्त असेल, तर मला विचाराल तर थांबा आणि एकदम घ्या.

आणि हो, दोन्हींनाही लागू असलेलं एक: डिसेंबरात मुलांना घेऊन भारतात सहा आठवड्यांच्या वर राहिलात, तर पार्ट ए बेस रेटवर येतो. आजीला हे आधीच सांगून ठेवा, परतीचं तिकीट पुढे ढकलायचा आग्रह तिच्याकडूनच होतो.