सिक्युरिटी किल्ली, १४ महिन्यांनंतर: माल चोख, दिवा मुका

गेल्या महिन्यात विक्रेत्याच्या ग्राहक सेवेशी नऊ ईमेलांचं भांडण झालं, म्हणून लिहायला बसलो. वस्तू नीट चालत असती तर मी काही लिहिलं नसतं, आणि तुम्हीही वाचलं नसतं.

वस्तू म्हणजे यूएसबीत खोचायची, फोनला टेकवायची एनएफसीवाली (म्हणजे जवळ नेली की बिनतारी बोलणारी) फायडो२ या लॉगिनच्या मानकाची किल्ली. पासवर्डनंतर "हा मीच" असं साइटला पटवून देणं हे तिचं काम: खोचायची, लुकलुकली की बोट लावायचं. मी पुण्यात एका कंपनीत सोळा वर्षं सर्व्हर सांभाळतो. कंपनी किल्ली देत नाही, स्वतःच्या खिशातून घेतली. एक ४,६०० रुपयांना पडली, आणि एक घेऊन भागत नाही. हरवली तर खात्याबाहेर उभे राहाल, म्हणून दोन. ९,२०० झाले. बायकोने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "यात किती जीबी मावतं?" म्हटलं, काहीच मावत नाही. "मग पेन ड्राइव्ह काय वाईट होता?" या प्रश्नाला मी अजून धड उत्तर दिलेलं नाही.

तर भांडण. तेराव्या महिन्यात किल्ली फोनला टेकवली की काही होईना. लॅपटॉपवर ठणठणीत, फोनवर ढिम्म. हमी दोन वर्षांची, म्हणून तक्रार टाकली. उत्तर आलं: "किल्ली रिसेट करून पाहा." मी लिहिलं, बाबांनो, यूएसबीवर चालते आहे, रिसेटचा काय संबंध? पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच, फक्त खालचं नाव वेगळं.

रिसेट म्हणजे राउटर बंद करून चालू करण्यासारखं काहीतरी असावं असा त्यांचा समज दिसतो. तसं नाही. बहुतेक जुन्या नोंदण्यांमध्ये किल्लीत तुमच्या खात्यांची यादी नसतेच. आत एकच गुपित असतं. प्रत्येक साइटसाठी किल्ली गुप्त आकड्यांची नवी जोडी (एक खासगी, एक जाहीर) तयार करते आणि तिचा खासगी भाग त्या गुपिताने बंद करून, एका अर्थाने साइटकडेच ठेवायला देते. लॉगिनच्या वेळी साइट ते गाठोडं परत पुढे करते, किल्ली ते उघडते आणि डिजिटल सही करते. म्हणून इवल्याशा चिपला खात्यांची मर्यादा राहत नाही. रिसेट केलं की ते गुपित बदलतं. मग जगभर ठेवलेली सगळी गाठोडी तुमच्यासाठी रद्दी. कुलपं जुनीच, किल्ली मात्र वितळवून नवी ओतलेली. आणि हे एका बटणाचं काम ग्राहक सेवेचा माणूस "करून पाहा" म्हणून सांगतो. माझ्याऐवजी एखादे निवृत्त काका असते तर त्यांनी मुकाट केलं असतं.

आता लाज वाटणारा भाग. नवव्या ईमेलनंतर सहज बायकोच्या फोनला किल्ली टेकवली. पहिल्या फटक्यात चालली. माझ्या फोनच्या कव्हरमध्ये, गाडीतल्या चुंबकाच्या स्टँडसाठी, मी स्वतः दीडशे रुपयांची लोखंडी पट्टी सरकवली होती. एनएफसीच्या अँटेनावर बरोब्बर आडवी. सोळा वर्षं लोकांना "आधी काय बदललं ते सांगा" असं विचारणारा माणूस मी. तक्रार मागे घेतो, असा एका ओळीचा ईमेल टाकला. त्यालाही उत्तर आलं: किल्ली रिसेट करून पाहा.

तेव्हा माझ्या पहिल्या मसुद्यातलं "हार्डवेअर तकलादू" हे वाक्य खोडलं आहे. हार्डवेअर दणकट आहे. एकदा जीन्सच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आली, दिवसभर वाळवली, चालू. बॅटरी नाही, हलणारा भाग नाही, बिघडायचं काय? किल्लीची पिन मात्र सांभाळा. आठ वेळा चुकली की रिसेटशिवाय गत्यंतर नाही, म्हणजे ग्राहक सेवेचंच म्हणणं खरं ठरतं.

एसएसएचसाठी (म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायला) वापरणार असाल तर जुन्या मशिनींचा हिशेब आधी करा. अशा किल्ल्या ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्या ८.२ आवृत्तीत, २०२० च्या फेब्रुवारीत, आणि सर्व्हरही तेवढा नवा लागतो. आमच्याकडे सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचे चार सर्व्हर "पुढच्या तिमाहीत हलवू" म्हणत अजून धापा टाकत आहेत. त्यांच्यावर ओपनएसएसएच ७.४ आहे. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. रेड हॅट लिनक्स ८ मध्येही ओपनएसएसएच ८.०, म्हणजे तिथेही नाही. त्या मशिनींसाठी जुनी फाइलवाली किल्ली ठेवावीच लागली. पुढचा दरवाजा सागवानी आणि मागच्या दाराला सुतळी, अशी आमची सध्याची अवस्था.

आता दिव्याबद्दल. मला माहीत आहे, ४,६०० च्या वस्तूत दिव्यावर एवढं लिहिणं हास्यास्पद आहे. पण रोज आठ तास तो डोळ्यांसमोर असतो.

किल्ली लुकलुकली की बोट लावायचं, एवढाच तिचा माझ्याशी संवाद. कशासाठी लावायचं ते ती सांगत नाही. सांगूच शकत नाही, तिला पडदाच नाही. पहिल्या महिन्यात गंमत वाटली. दुसऱ्या महिन्यात एक दिवस जेवून जागेवर आलो, तर एकटीच लुकलुकत बसलेली. मी बोट लावलं. विझली. आणि मग घशाखाली उतरलेला वरणभात परत वर आल्यासारखं झालं: मी आत्ता कशावर सही केली? कोणी मागितली होती?

दोन दिवस शोधलं. मीच कोड लिहायच्या एडिटरमध्ये गिटचं आपोआप फेच, म्हणजे इतरांचे नवे बदल आपणहून आणणं, चालू करून ठेवलं होतं. ते दर १८० सेकंदांनी पडद्यामागे रिपॉझिटरीकडे, म्हणजे कोडच्या साठ्याकडे जातं, आणि दर वेळी किल्लीला सही मागतं. म्हणजे चोर वगैरे कोणी नव्हता. पण मधल्या काळात मी अक्षरशः शेकडो वेळा, फोनवर बोलता बोलता, चहाचा कप एका हातात धरून, न बघता बोट लावलं होतं. दाराची बेल वाजली की बघता न बघता कडी काढावी, तसं. दोन घटकांच्या सुरक्षेतला दुसरा घटक म्हणजे मी, आणि तो झोपेत होता.

हे नुसतं किरकिरणं नाही. एसएसएच एजंट (तुमच्या वतीने किल्लीकडून सह्या आणणारा प्रोग्रॅम) पुढे पाठवायची सवय पुष्कळांना असते: एका सर्व्हरवर गेलात की तिथूनही तुमच्याच किल्लीने पुढे उडी मारता येते. तो मधला सर्व्हर कोणी पोखरला असेल, तर तुम्ही जोडलेले असेपर्यंत तोही तुमच्या एजंटकडे सही मागू शकतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये मेट्रिक्स डॉट ऑर्ग या चॅटिंगच्या सेवेच्या यंत्रणेत असंच झालं. जेन्किन्स या कोड आपोआप तपासून बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कोणीतरी आत शिरला आणि पुढे पाठवलेल्या एजंटवर स्वार होऊन इतरत्र पोचला. बोट लावायची अट असलेली किल्ली असती तर? अडला असता, बोट लावणारा जागा असता तर. दिव्याकडे न बघता बोट टेकवणारा माझ्यासारखा असता, तर त्याने चोराला आत घेऊन पाणीही विचारलं असतं.

उपाय केले. आपोआप फेच बंद. एजंट पुढे पाठवणं बंद, त्याऐवजी प्रॉक्सीजंप, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या हाती एजंट न देता पुढे जाणं. ओपनएसएसएच ८.९ पासून एजंटला "ही किल्ली एवढ्याच ठिकाणासाठी" असं बांधून ठेवता येतं, तेही केलं. सही मागितली की पडद्यावर सूचना येईल अशी सोय केली, आता निदान कारण कळतं. पण ती सूचना दाखवतो कोण? लॅपटॉप. ज्याच्यावर पूर्ण विश्वास नाही म्हणून वेगळी किल्ली घेतली, तोच मला सांगणार की सही कशावर होते आहे. ट्रेझरच्या काही क्रिप्टो वॉलेटना पडदा असतो, ती फायडोचं कामही करतात आणि साइटचं नाव दाखवतात. म्हणजे होऊ शकतं. जाड होईल, महाग होईल, खिशात टोचेल. निदान दोन रंगांचा दिवा द्या रे, ब्राउझरसाठी हिरवा, बाकीच्यांसाठी तांबडा. दिव्याला खर्च तो किती!

आठव्या महिन्यापर्यंत माझं मत होतं की पैसे वाया गेले. मग ती रात्र आली.

ऑन-कॉल होतो, म्हणजे रात्री काही बिघडलं तर उठायची पाळी माझी. पावणेतीनला एक अलर्ट येऊन गेला होता, तो मिटवून डोळा लागतोय तोच ईमेल: सर्टिफिकेट संपत आलं आहे, लॉगिन करून मंजुरी द्या. पान हुबेहूब आमचं. पासवर्ड मॅनेजरने आपोआप पासवर्ड भरला नाही, तिथेच शुद्धीवर यायला हवं होतं. मी काय केलं? "याला काय धाड भरली" म्हणत पासवर्ड कॉपी करून हाताने चिकटवला. आता किल्लीची पाळी. आणि नको तेव्हा दिवसभर लुकलुकणारी ती बया लुकलुकेचना. बिघडली असं वाटून काढून पुन्हा खोचली. पोर्ट बदललं. फुंकरसुद्धा मारली, कॅसेटला मारायचो तशी. नाही म्हणजे नाही. खाली ओळ होती: किल्ली चालत नाही? ॲपमधला कोड टाका. कोडचे चार आकडे टाकून झाले होते तेव्हा नजर वर ॲड्रेस बारकडे गेली. कंपनीच्या नावात एक जादाची आडवी रेघ.

किल्ली बिघडली नव्हती. तिच्यापर्यंत निरोप पोचलाच नव्हता. नोंदणी खऱ्या डोमेनची, पान दुसऱ्याच डोमेनवर. ब्राउझरने मागणी दारातच फेटाळली. इथे माझं शहाणपण कोणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण पावणेतीन वाजता ते शिल्लक नव्हतं. २०२२ च्या जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या माणसांवर असाच खोट्या पानाचा एसएमएस हल्ला झाला. तिघांनी पासवर्ड देऊन टाकला होता. सगळ्यांना किल्ल्या दिलेल्या होत्या म्हणून चोर बाहेरच राहिला. हे मी अनेकदा वाचलं होतं, आणि दर वेळी त्या तिघांना मनातल्या मनात हसलो होतो.

त्याच रात्री पासवर्ड बदलला, सुरक्षेच्या चमूला कळवलं. दुसऱ्या दिवशी ॲडमिनच्या मागे लागून माझ्या खात्यावरचा ॲप-कोडचा आडमार्ग बंद करून घेतला. यासाठी तीन मंजुऱ्या लागल्या. चालू करायला एकही लागली नव्हती. तुम्ही किल्ली घेतलीत आणि "दुसऱ्या मार्गाने लॉगिन" तसंच ठेवलंत, तर चोर दुसऱ्याच मार्गाने येईल. तेवढी अक्कल त्याला असते.

आता खरी चिडचिड. जिथे माझे पैसे आहेत तिथे ही किल्ली चालत नाही. कोड ठेवायच्या साइटला चालते, ईमेलला चालते. माझ्या बँकेला मात्र एसएमएसवरचा सहा आकडी ओटीपीच पाहिजे, जो डुप्लिकेट सिम काढणाऱ्याला मिळतो आणि खोट्या पानावर कोणीही टाइप करतो. शाखेत विचारून पाहिलं. काउंटरवरच्या बाईंनी किल्ली बघून लॉकरच्या रांगेकडे बोट दाखवलं. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काढलेल्या निर्देशांमध्ये एसएमएसलाच चिकटून राहायची सक्ती नाही, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. बँकेला हे कधी उमजतंय बघू.

राहिली दुसरी किल्ली. आई म्हणते, घराची जादा किल्ली शेजारी देऊन ठेवायची असते. शेजारच्या काकूंकडे हिची ठेव करायला मन धजलं नाही, म्हणून ती साताऱ्याला आईच्या कपाटात, पाटल्यांच्या डब्यात ठेवली. घर जळालं, पूर आला तरी शाबूत. हुशारी केली असं वाटलं. पण या किल्लीची नक्कल निघत नाही, हाच तिचा गुण. त्यामुळे नवं खातं उघडलं की दोन्ही किल्ल्या स्वतंत्रपणे, प्रत्यक्ष हातात घेऊन नोंदवाव्या लागतात. दूरच्या किल्लीची आगाऊ नोंदणी करायची सोय नाही. म्हणजे प्रत्येक नव्या खात्यामागे साताऱ्याची एक फेरी, किंवा तोवर एकाच किल्लीवर जीव टांगलेला. मी वहीत यादी ठेवतो आणि सणावाराला गेलो की डबा उघडून बसतो. गेल्या दिवाळीत आईने विचारलं, "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या काळ्या तुकड्याला सारखं बोट काय लावतोस?"

तिसरी घेऊन ऑफिसच्या खणात ठेव, असं एक सहकारी सुचवतो. ४,६०० रुपये. त्यापेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त. गौरीला जाणारच आहे, यादीत सध्या अकरा खाती आहेत.