मोरजीच्या मचूळ विहिरीवर बसवलेली ४०४० मेंब्रेन: तीन महिन्यांचा अनुभव

पेडणे तालुक्यातील मोरजी येथे आमचे सहा खोल्यांचे अतिथिगृह आहे. मार्चपासून विहिरीचे पाणी मचूळ होत जाते आणि मे महिन्यात त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, लिटरला १,९०० मिलिग्रॅमपर्यंत चढतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. म्हणून फेब्रुवारीत आरओ संयंत्रात चार इंच व्यासाची, चाळीस इंच लांबीची नवी मेंब्रेन, म्हणजे दाबाखालील पाण्यातले क्षार अडवणारा गुंडाळलेला पडदा, बसवून घेतली.

आधीची आठ महिन्यांतच निकामी झाली होती. तिच्या पुरवठादाराने विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकायला सांगितले, पण मेंब्रेनच्या आधी क्लोरिन काढून टाकण्याची सोय केली नाही. ती मी करवतीने कापून पाहिली, तेव्हा मधल्या नळीभोवती गुंडाळलेल्या पानांवर ना गाळ होता ना क्षारांचा थर, आणि तरीही मीठ सर्रास पलीकडे जात होते. मीठ अडवण्याचे काम पॉलिअमाइडचा जो थर करतो, तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो. खालचे सच्छिद्र पॉलिसल्फोन आणि पॉलिएस्टरचे कापड त्याला केवळ आधार देतात. कारखान्यात डायअमाइनच्या पाण्याने भिजलेल्या पॉलिसल्फोनवर ट्रायमेसॉइल क्लोराइडचे द्रावण पसरले की दोहोंच्या सीमेवर हा थर पाहता पाहता धरतो. क्लोरिन नेमका तोच पोखरतो.

नव्या मेंब्रेनसोबत तिच्याच क्रमांकाची चाचणी-चिठ्ठी आली, हे मला फार आवडले. मिठाचे प्रमाण २,०००, दाब १०.३ बार, तापमान २५ अंश, पाण्याची वसुली (आत सोडलेल्या पाण्यापैकी गोडे होऊन मिळणारा वाटा) १५ टक्के, आणि ९९.३ टक्के मीठ अडवले, असे तिच्यावर छापले आहे. माझ्याकडे मे महिन्यात पाणी २९ अंशांचे होते आणि रिजेक्ट, म्हणजे मागे उरलेल्या खारट, पाण्याचा काही भाग परत फिरवून मी निम्मी वसुली घेतो, त्यामुळे मेंब्रेनसमोरचे पाणी अधिक खारट असते. १,९०० चे ४० झाले, म्हणजे सुमारे ९८ टक्के. हा आकडा चिठ्ठीपेक्षा कमी असला तरी या परिस्थितीत तो उत्तमच म्हणायला हवा. ताशी ३६० लिटर गोडे पाणी मिळते.

तक्रार एकच. टोकाचे ब्राइन सील, म्हणजे मेंब्रेन आणि तिच्या बाहेरच्या नळकांड्यामधली फट बंद करणारी कडी, सैल होते. ते बदलेपर्यंत पाणी मेंब्रेनला वळसा घालून निघून जात होते आणि पहिले चार दिवस टीडीएस ११० च्या खाली येईना. विक्रेत्याने सील फुकट दिले, पण त्यासाठी म्हापशाला दोन खेपा माराव्या लागल्या.

पाचपैकी चार गुण. घेणाऱ्याने मेंब्रेनच्या आधी क्लोरिन काढणारा कार्बन फिल्टर बसवावा आणि पहिल्या तासाचे पाणी टाकून द्यावे, कारण त्यात मेंब्रेन टिकवण्यासाठी भरलेले रसायन असते.